डेन्मार्कमधील अपंग : दानापासून हक्कापर्यंत

डेन्मार्क म्हटले की आपल्याकडच्या वाचत्या माणसाला दूध-लोणी आठवते, सहकारी दुग्धशाळा आठवतात, शेतकऱ्यांच्या लोकशाळा आठवतात; फार तर शेक्सपिअरचा हॅम्लेट आठवतो. आकाराने हा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा, आणि लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास. अशा चिमुकल्या देशातल्या आंधळ्या-पांगळ्यांचा, बहिऱ्यांचा व मंदमतींचा इतिहास मांडायला एक कामगार कार्यकर्ता या व्यासपीठावर का आला, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे.

त्याचे उत्तर आमच्या रोजच्या कामात आहे. प्रेस-मशीनवर बोटे गेलेल्या कामगाराला घेऊन भरपाईच्या कचेरीत बसण्यात आमच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. १९२३ च्या आपल्या भरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात माणसाच्या शरीराचा जणू दरतक्ताच छापलेला होता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरायचे, आणि त्यावरून रुपयांचा हिशेब करायचा. कामगाराला काहीच मिळत नव्हते त्या काळात हा तक्ताही मोठीच गोष्ट होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण हा तक्ता वाचताना एक प्रश्न आमच्या मनात वारंवार उभा राहतो. ज्याची कमाईची शक्ती १०० टक्के गेली, किंवा जो जन्मतःच कमाईच्या शक्तीवाचून आला, त्याचे समाजाकडे काय येणे लागते? ते येणे आहे की भीक आहे? डेन्मार्कमध्ये या प्रश्नाचा निकाल ज्यांनी लावला ते आमच्याच जातकुळीचे लोक होते : विडी-सिगार वळणारे, लोहार, गवंडी, आणि त्यांचे वकील. म्हणून हा इतिहास आम्हांला आपला वाटतो. त्यातली कीर्तीही आणि त्यातला कलंकही.

'अपंग' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहो. आता सरकारी कागदावर 'दिव्यांग' आले आहे. त्याला आमचा विरोध नाही. परंतु नाव बदलल्याने जिना उतार होत नाही. डेन्मार्कमध्येही मंदमती माणसांसाठी शंभर-सव्वाशे वर्षांत तीन-चार शब्द बदलले. प्रत्येक शब्द आला तेव्हा सभ्य होता आणि पुढे शिवी झाला.

आरंभ दयेपासूनच झाला, जसा तो सर्वत्र होतो. कोपनहेगनला १८०७ साली डॉ. कास्टबर्ग यांनी बहिऱ्या मुलांची शाळा काढली, आणि १८१७ साली बहिऱ्या मुलांचे शिक्षण त्या देशाने सक्तीचे केले. इतक्या लवकर हे कोणी केले नव्हते. १८११ मध्ये अंधांची संस्था झाली, १८५५ मध्ये मंदमती मुलांसाठी 'गामले बाक्केहूस' या जुन्या घरात पहिली संस्था निघाली. पुढे १८७२ साली हान्स क्नुडसेन नावाच्या पाद्रीने पांगळ्यांसाठी संस्था उघडली. तिथे कृत्रिम पाय बनत, कुबड्या बनत, आणि मुलांना हाताचा एखादा धंदा शिकवीत. या क्नुडसेनबद्दल आम्हांला आदर वाटतो. पांगळ्याला नुसती खिचडी वाढून त्याने समाधान मानले नाही; त्याला कामाला लावण्याची खटपट केली.

पण दयेची दुसरी बाजू १८४९ च्या राज्यघटनेत दिसते. ही घटना त्या काळी युरोपातल्या उदार घटनांपैकी एक गणली जाई. तरीही मताधिकारातून सात वर्ग वगळले होते, आणि डॅनिश भाषेत त्या सातांचीही नावे 'फ'ने सुरू होतात, म्हणून लोक त्यांना 'सात फ' म्हणत : स्त्रिया, घरगडी, गरीब, परदेशी, दिवाळखोर, वेडे-खुळे आणि गुन्हेगार. यांतल्या 'गरीब' या शब्दाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्याने सरकारी गरीब-निधीतून मदत घेतली, तो गरीब. गिरणीत हात गेला, घरात चूल पेटेना, म्हणून माणूस गावच्या निधीकडे गेला की त्याचे नागरिकत्व अर्धे झाले. भाकरी हवी तर मत ठेवून जा, असा हा व्यवहार होता.

कामगार चळवळीचा उदय या अपमानातून झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती मजुरीच्या प्रश्नातून उभी राहिली. परंतु तिच्या पहिल्या मागण्यांत अपघाताची भरपाई होती. जानेवारी १८९८ मध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या : डॅनिश कामगार संघटनांचा महासंघ स्थापन झाला, आणि कामावरच्या अपघाताची जबाबदारी मालकावर टाकणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी मालकांनी प्रचंड टाळेबंदी पुकारली. सुमारे ४० हजार कामगार तीन महिन्यांहून अधिक काळ घरी बसले. सप्टेंबर १८९९ मध्ये जो करार झाला, त्याने मालकांचा कारखाना चालवण्याचा अधिकार आणि कामगारांचा संघटनेचा अधिकार दोन्ही मान्य झाले. त्या दिवसापासून डेन्मार्कमध्ये मोठे प्रश्न रस्त्यावर सुरू होतात आणि टेबलापाशी संपतात.

१९२१ साली अपंगत्वाचा विमा आला. आजारपणासाठी कामगारांनी चालवलेल्या वर्गणी-निधीचा जो सभासद, त्याला कमाईची शक्ती दोन-तृतीयांश गेल्यास निवृत्तिवेतन मिळू लागले. अपघात कारखान्यात झाला की घरात, हा प्रश्न आता उरला नाही. क्षय झाला, संधिवाताने बोटे वाकली, तरीही हक्क शाबूत. आमच्या मते हे पाऊल १९३३ च्या गाजलेल्या सुधारणेइतकेच मोठे होते. पण इतिहासाची पुस्तके नाट्यावर भाळतात, आणि १९३३ ला नाट्य होते.

ते नाट्य असे. १९३२-३३ चा हिवाळा. जगभर मंदी. डेन्मार्कमधल्या विमेदार कामगारांपैकी दर दहांत चारांहून अधिक बेकार. मालकांनी २० टक्के वेतनकपात मागितली आणि १ फेब्रुवारीपासून सुमारे एक लाख कामगारांवर टाळेबंदीची नोटीस लावली. पंतप्रधान थोरवाल्ड स्टाउनिंग हे स्वतः सिगार कामगार. कारखान्यात बसून सिगारींची प्रतवारी करण्यात त्यांचे तारुण्य गेलेले. कोपनहेगनमधल्या कान्सलरगेडे रस्त्यावरच्या त्यांच्या राहत्या घरी रात्रभर वाटाघाटी चालल्या आणि ३० जानेवारी १९३३ रोजी पहाटे तोड निघाली. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. योगायोगच, पण असे योगायोग मनात घर करून राहतात.

तोड अशी की टाळेबंदी कायद्याने थांबवायची आणि जुने करार वर्षभर वाढवायचे; शेतकऱ्यांच्या निर्यातीला मदत म्हणून नाण्याची किंमत उतरवायची; आणि त्याच्या बदल्यात शेतकऱ्यांच्या पक्षाने सामाजिक सुधारणेची वाट अडवायची नाही. लोणी विकणाऱ्याला लोण्याचा भाव, आणि कामगाराला म्हातारपण, आजार, बेकारी व अपंगत्व यांत आधार. आपल्याकडे कोणी याला सौदेबाजी म्हणून नाक मुरडील. आम्ही आयुष्यभर करार केले आहेत; आम्हांला त्यात लाज वाटत नाही. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे आणि अडवण्याची ताकद आहे, त्यालाच करार करता येतो. हे वाक्य पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून ध्यानात असू द्यावे.

सुधारणेचे शिल्पकार होते समाजकल्याण मंत्री के. के. स्टाइन्के. हे वकील, कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग नगरीच्या गरीब-निधी खात्यात त्यांनी नोकरी केलेली, त्यामुळे भिकेची कचेरी आतून पाहिलेली. पन्नासाहून अधिक विस्कळीत कायदे मोडून त्यांनी चार कायदे केले : लोकविमा, अपघातविमा, बेकारी आणि लोककल्याण. आणि त्या चारांच्या पाठीशी एकच तत्त्व ठेवले. मदत हा हक्क. त्याचे मोजमाप कायद्यात असेल, कारकुनाच्या मर्जीत नसेल. मदत घेतली म्हणून नागरिकत्व जाणार नाही, हाही नियम बहुतेकांच्या बाबतीत झाला. मात्र 'नालायक' ठरवलेल्या काही थोड्या वर्गांना त्यातून वगळले गेले, आणि तो डाग निघायला १९६१ साल उजाडले.

येथवर टाळ्या वाजवाव्या असा इतिहास आहे. आता दुसरी बाजू.

याच स्टाइन्केनी १९२० साली दोन खंडांचा एक ग्रंथ लिहिला होता, भविष्यकाळातील निर्वाहव्यवस्था कशी असावी या विषयावर. हक्काचे तत्त्व त्यात आहेच. पण त्याच ग्रंथात असेही प्रतिपादन आहे की, समाज दुर्बळांना उदार हस्ते पोसणार असेल, तर दुर्बळांची प्रजा वाढणार नाही याचीही तजवीज त्याने केली पाहिजे. पुढे न्यायमंत्री असताना, १९२४ साली, त्यांनी नसबंदीचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिच्यातून १९२९ चा कायदा निघाला. एखाद्या संपूर्ण देशाने केलेला नसबंदीचा असा कायदा युरोपात हा पहिला. हिटलरच्या कायद्याच्या चार वर्षे आधीचा; आणि तो कुठल्या हुकूमशहाने केलेला नाही, निवडून आलेल्या लोकसभेने शांतपणे मंजूर केलेला. १९३४ साली मंदमतींसाठी वेगळा कायदा झाला आणि त्यांच्या बाबतीत त्यांची स्वतःची संमतीही अनावश्यक ठरली. १९२९ पासून १९६७ पर्यंत त्या छोट्या देशात सुमारे ११ हजार माणसांची नसबंदी झाली. त्यांतल्या फार मोठ्या संख्येवर मंदमती असा शिक्का होता.

शिक्का कोण मारी? डॉक्टर, शिक्षक, कल्याण खात्याचे अधिकारी. बुद्धीच्या चाचण्या तेव्हा नव्या नव्या आल्या होत्या. गरीब घरातली, शाळा सोडलेली, घरकाम करणारी एखादी पोर पुरुषांबरोबर 'सैल' वागते अशी तक्रार आली, की तिची चाचणी होई. प्रश्नांची उत्तरे चुकली की ती मंदमती. मग तिची रवानगी स्प्रोगोला.

स्प्रोगो हे सीलंड आणि फ्यून या दोन मोठ्या बेटांच्या मधल्या सामुद्रधुनीतले एक इवलेसे बेट. मंदमतींच्या संस्थांचे प्रमुख डॉ. क्रिस्टियन केलर यांनी १९११ साली पुरुषांसाठी लिवो नावाचे बेट घेतले होते. स्त्रियांसाठी स्प्रोगो १९२३ साली सुरू झाले. दोन्ही १९६१ पर्यंत चालली. स्प्रोगोवर त्या काळात सुमारे ५०० स्त्रिया राहून गेल्या. कुंपण नव्हते, कारण समुद्र होता. कोणत्याही न्यायालयाने त्यांना शिक्षा दिलेली नव्हती, म्हणून शिक्षेची मुदतही नव्हती. शेतात काम, धुणे, शिवण, आणि सुटकेची वाट. सुटकेची वाट पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरून जाई : नसबंदीला हो म्हण, मग बघू. याला संमती म्हणत.

केलर क्रूर होते असे आम्हांला वाटत नाही. बेटावर मोकळी हवा असेल, उंच भिंती नसतील, बायकांना बाहेरचे जग नाडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. बंदिस्त इमारतीपेक्षा बेट बरे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. म्हणूनच हे प्रकरण अधिक बोचते. दुष्ट माणसांनी केलेला अन्याय समजायला सोपा असतो.

आम्ही स्वतःला अनेकदा विचारले आहे : ज्या चळवळीने हात तुटलेल्या सुताराला मान दिला, तिने स्प्रोगोवरच्या मोलकरणीला का दिला नाही? पक्ष तोच, दशकही तेच. मंत्रीसुद्धा बदलला नव्हता. आम्हांला सापडलेले उत्तर असे. सुतार संघटनेचा सभासद होता. कान्सलरगेडेच्या त्या टेबलापाशी त्याच्या वतीने बोलणारे कोणी तरी बसले होते. टाळेबंदीला तोंड देण्याची ताकद त्याच्या मागे होती. मोलकरणीच्या मागे कोणी नव्हते. तिच्याबद्दलचा निर्णय तिच्या गैरहजेरीत झाला, आणि तोही तिच्या 'हितासाठी'. शिवाय कामगार चळवळीचे एक जुने दुखणे आहे. ती माणसाची किंमत घामाने मोजते. जो घाम गाळू शकत नाही त्याच्यासाठी तिच्या शब्दकोशात जागा अडचणीची. आमच्या परिशिष्टातल्या ३० टक्क्यांत ते दुखणे आहे, आणि स्टाइन्केच्या ग्रंथातही.

लंगडे, आंधळे व बहिरे यांनी मात्र आपल्या संघटना उभ्या केल्या होत्या आणि १९३४ साली त्यांचा एक महासंघही झाला. तो आजतागायत चालू आहे. सरकार कुठलाही अपंगविषयक कायदा करताना त्याला विचारल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. मंदमतींना आपली संघटना स्वतः करता येईना. त्यांच्यासाठी ती केली त्यांच्या आईबापांनी, १९५२ साली.

त्याच वर्षी कोपनहेगनवर पोलिओची साथ कोसळली. ब्लेगदाम रुग्णालयात जुलैपासून डिसेंबरपर्यंत २,७०० हून अधिक रुग्ण आले. त्यांतल्या तीनशेंवर माणसांचे श्वासाचे किंवा गिळण्याचे स्नायू निकामी झाले होते. लोखंडी फुप्फुसाचे यंत्र रुग्णालयात एकच होते. पहिल्या ३१ गंभीर रुग्णांपैकी २७ तीन आठवड्यांत दगावले. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पण हाताने श्वास द्यायचा म्हणजे रात्रंदिवस कोणीतरी पिशवी दाबत बसायला हवे. एका क्षणाचीही सुट्टी नाही. वैद्यकीय व दंतवैद्यकीचे विद्यार्थी बोलावले गेले. त्यांच्या सहा-सहा, आठ-आठ तासांच्या पाळ्या लागल्या. साथ ओसरेपर्यंत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी हे काम केले. एका वेळी सत्तरेक रुग्ण केवळ त्या हातांवर जगत होते. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तिथला, असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात.

आम्हांला या प्रसंगात वैद्यकापेक्षा वेगळे काही दिसते. विद्यार्थ्यांना या पाळ्यांचे पैसे मिळत. ते दान करीत नव्हते, काम करीत होते. आणि जे वाचले त्यांतल्या काहींना पुढची कित्येक वर्षे दुसऱ्याच्या हातांची गरज राहणारच होती : उठवायला, जेवू घालायला, यंत्र सांभाळायला. ही माणसे मंदमती नव्हती. त्यांत शिकलेली, बोलकी, हट्टी माणसे होती. आयुष्यभर रुग्णालयात पडून राहायला ती तयार होईनात. १९४५ मध्येच स्थापन झालेल्या पोलिओग्रस्तांच्या संघटनेत ती शिरली आणि घरी राहण्याची सोय मागू लागली.

आता आईबापांच्या संघटनेकडे. त्यांच्या मागण्या ऐकायला साध्या होत्या. हजार-हजार माणसांच्या संस्था नकोत, वीस-तीस जणांची घरे हवीत. ती आईबापांच्या गावाजवळ हवीत. मुलांना शाळा हवी. ही निवेदने कल्याण मंत्रालयात ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आली तो होता नील्स एरिक बँक-मिकेल्सन. वकील, वय तिशीतले. जर्मन कब्जाच्या काळात भूमिगत चळवळीत काम केल्याबद्दल त्याने तारांच्या कुंपणाआडचे जिणे भोगलेले होते. मोठ्या संस्थांतल्या ओळीने मांडलेल्या खाटा त्याने पाहिल्या आणि आईबापांची बाजू त्याला पटली. १९५४ साली समिती बसली. जून १९५९ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याचे सूत्र असे की, मंदमती माणसाला इतर माणसांच्या आयुष्याच्या शक्य तितके जवळ जाणारे आयुष्य मिळाले पाहिजे.

या सूत्राचा विपर्यास फार झाला आहे. मंदमतीला शहाणे करायचे, असा त्याचा अर्थ नाही. बँक-मिकेल्सन सांगत की, माणूस बदलायचा नाही. त्याची राहणी, त्याचा दिवस, त्याची खोली बदलायची. सकाळी एका घरातून उठावे, कामासाठी किंवा शाळेसाठी दुसरीकडे जावे, संध्याकाळी परत यावे. खोलीला दार असावे, आणि ते आतून लावता यावे. आपले कपडे आपल्या कपाटात असावे. सणाला घरी जावे. ज्यांना हे सगळे जन्मतःच मिळाले त्यांना यात तत्त्वज्ञान कुठे आहे असे वाटेल. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ साली या विचाराची पद्धतशीर मांडणी केली, आणि पुढे तो अमेरिकेत, कॅनडात, सगळीकडे पसरला. बँक-मिकेल्सन १९६७ साली कॅलिफोर्नियातल्या सरकारी संस्था पाहायला गेले होते. पाहून झाल्यावर ते म्हणाले की, आमच्या देशात गुरांनासुद्धा असे ठेवू देत नाहीत. तिथल्या वर्तमानपत्रांत मोठा गहजब झाला. बोलणे खरे होते. फक्त श्रोत्यांपैकी कोणाला स्प्रोगो माहीत असते तर त्यांना उत्तर देणे जड गेले असते.

त्यानंतरच्या दोन दशकांत बांधणी झाली. १९६० च्या कायद्याने पुनर्वसन आले : धंदेशिक्षण, साधने, कामावर परतण्यासाठी मदत. पुढे १ जानेवारी १९८० रोजी मंदमती, अंध, बहिरे यांच्यासाठीची सरकारची वेगळी खाती बरखास्त झाली आणि ही माणसे जिल्हा व नगरपालिका यांच्या सर्वसाधारण कारभारात आली. विचार असा की, आंधळ्याला घर हवे असेल तर ते गृहनिर्माण खात्याने पाहावे, प्रवास हवा असेल तर वाहतूक खात्याने. 'आंधळा' म्हणून सगळे एकाच टेबलावर ढकलू नये. खर्च सर्वसाधारण करांतून. चाकाची खुर्ची लागली तर ती देताना पगार किती हे विचारायचे नाही, कारण खुर्ची ही गरिबीवरची मदत नव्हे, पाय नसल्याची भरपाई आहे.

सर्वांत धाडसी गोष्ट मात्र मंत्रालयात निपजली नाही. ती ऑर्हूस नावाच्या शहरात निपजली. ईव्हाल्ड क्रोग हा १९४४ साली जन्मलेला, स्नायू क्षीण होण्याच्या व्याधीने जखडलेला माणूस. त्याने १९७१ साली आपल्यासारख्यांची संघटना काढली. त्याची व त्याच्या सोबत्यांची मागणी अशी की, संस्था आमच्यावर जो पैसा खर्च करते तो आमच्या हातात द्या; मदतनीस आम्ही नेमू. कोण हवा, किती वाजता हवा, काय करायचे, हे आम्ही सांगू. सत्तरीच्या दशकात ऑर्हूसमध्ये हे सुरू झाले आणि ऐंशीच्या दशकात देशाच्या कायद्यात आले. हात-पाय न हलणारा माणूस मालक झाला! पगारपत्रक करतो, रजा मंजूर करतो, प्रसंगी नोटीस देतो.

आमच्यासारख्याला इथे क्षणभर गोंधळायला होते. मालक म्हटला की आमची भुवई आपोआप वर चढते. मदतनीसही कामगारच आहे. दुसऱ्याच्या घरात, रात्रपाळीत, एकट्याने काम करणारा. त्याची पाठ दुखते, त्याला विश्रांती हवी, निवृत्तिवेतन हवे. त्याचे तास कमी केले तर मालकाचे आयुष्य आखडते. त्याची मजुरी कमी ठेवली तर चांगला मदतनीस टिकत नाही. डॅनिश संघटनांनी यावर मार्ग काढला तो नेहमीचाच : मदतनिसांसाठी सामूहिक करार. पैसा नगरपालिकेचा असल्यामुळे खरा वाद तिच्याशीच होतो. मालकाला वाटले तर तो मालकीची कागदपत्री कटकट एखाद्या सहकारी संस्थेकडे किंवा कंपनीकडे सोपवू शकतो. पण माणूस निवडण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवतो. आमची भुवई त्यामुळे पुन्हा खाली आली.

एवढ्यावरून डेन्मार्क म्हणजे अपंगांचा स्वर्ग, असे कोणी समजू नये. २००७ साली जिल्हे रद्द झाले आणि सारा भार ९८ नगरपालिकांवर आला. कायदा एक, पण मदतीचे तास ठरवणारी कचेरी प्रत्येक गावी वेगळी. अंदाजपत्रक तुटीत गेले की तास कापले जातात, आणि अपंगाला पुन्हा कारकुनापुढे उभे राहून आपल्याला अंघोळीला किती मिनिटे लागतात ते सिद्ध करावे लागते. स्टाइन्केनी ज्या मर्जीला कायद्याने बांधले, ती मागच्या दाराने परत आली, अशी अपंग संघटनांची तक्रार आहे, आणि ती आम्हांला खरी वाटते.

२०१३ साली तर समाजवादी लोकशाही पक्षाच्याच नेतृत्वाखालच्या सरकारने अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाची दारे आवळली. चाळिशीच्या आतल्या माणसाला, अगदीच उघड असमर्थता नसेल तर, तेव्हापासून आधी एकापासून पाच वर्षांपर्यंत 'क्षमता वाढवण्याच्या' कार्यक्रमातून जावे लागू लागले. हेतू चांगला सांगतात : तरुणाला लवकर मोडीत काढू नये. पण आजारी माणसे वर्षानुवर्षे एका चाचणीतून दुसऱ्या चाचणीत फिरत राहिली, हेही तिथल्या संघटनांनी उजेडात आणले आहे. याच्या जोडीला १९९८ पासून एक चांगली सोयही आहे. ज्याची शक्ती कायमची कमी झाली त्याला झेपेल तेवढे काम, आणि कमी पडणाऱ्या पगाराची भर सार्वजनिक पैशातून. घाम मोजण्याची जुनी सवय यातही आहेच. पण निदान अर्ध्या घामाला संपूर्ण माणूस धरले आहे.

अलीकडचा एक खटला सांगितल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. डेन्मार्कच्या पगारदार नोकरांच्या कायद्यात एक जुना नियम आहे : नोकर वर्षात १२० दिवस पगारी आजारी राहिला, तर करारात तशी अट असल्यास त्याला एका महिन्याच्या नोटिशीवर काढता येते. या नियमाखाली कचेरीत काम करणाऱ्या दोन बायकांना काढले. एकीची पाठ सतत दुखत असे. दुसरीच्या मानेला मोटार-अपघातात इजा झालेली. पहिलीला उंची बदलणारे टेबल आणि कमी तास, एवढे मिळाले असते तर ती काम करू शकत होती. ते दिले गेले नाही. आणि तिला काढल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच मालकाने अर्धवेळ कारकुनाची जाहिरात दिली! कारकून व दुकान-नोकरांच्या संघटनेने, एच. के. डॅनमार्कने, दोघींचा खटला चालवला आणि तो युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत नेला. ११ एप्रिल २०१३ रोजी निकाल लागला. दीर्घकाळ कामात अडथळा आणणारा आजार हेही अपंगत्व ठरू शकते. तास कमी करणे ही मालकाने करावयाची सोय असू शकते. आणि मालकाने योग्य सोय न केल्यामुळे रजा वाढली असेल, तर त्या १२० दिवसांचा आधार त्याला घेता येणार नाही. अंगठ्याच्या टक्केवारीत वाढलेल्या आमच्यासारख्याने हा निकाल सावकाश, दोनदा वाचला. इथे प्रश्न माणसाचे किती टक्के गेले हा नाही. टेबल किती उंच आहे, हा आहे.

आणि ते 'सात फ'? स्त्रिया व घरगडी १९१५ साली मतदार झाले, गरीबही पुढे झाले. वेड्या-खुळ्यांचा मात्र राहिलाच. ज्यांचे व्यवहार न्यायालयाने पालकाकडे सोपवले होते त्यांना, डेन्मार्कने संयुक्त राष्ट्रांचा अपंग-हक्कांचा करार २००९ मध्ये मान्य केल्यावरही, मत नव्हते. (आपण तो करार २००७ मध्येच मान्य केला होता.) २०१६ साली त्यांना नगरपालिकेच्या आणि युरोपीय संसदेच्या निवडणुका खुल्या झाल्या. २०१९ पासून, व्यवहाराचा अधिकार पूर्ण नव्हे तर अंशतःच काढला असेल तर, लोकसभेचीही. १८४९ पासून मोजले तर १७० वर्षे झाली.

बेटांचे काय झाले तेही सांगतो. लिवोवर आता पर्यटक जातात. स्प्रोगोवरून सामुद्रधुनीवरचा मोठा पूल गेला आहे. १९९७ पासून आगगाड्या आणि १९९८ पासून मोटारी त्या बेटावरून क्षणात पलीकडे जातात. संस्थांतून राहिलेल्या माणसांनी व त्यांच्या संघटनांनी चौकशीची मागणी लावून धरली. २०२२ मध्ये इतिहाससंशोधकांचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. ११ सप्टेंबर २०२३ रोजी होर्सेन्स या गावी समाजकल्याण मंत्री पेर्निले रोसेनक्रान्त्स-टाइल यांनी, १९३३ ते १९८० या काळात सरकारी देखरेखीखाली ठेवलेल्या मंदमती, अंध, बहिरे, पांगळे व मनोरुग्ण माणसांची राज्याच्या वतीने जाहीर माफी मागितली. आरंभाचे वर्ष १९३३ धरले आहे, म्हणजे त्या सुप्रसिद्ध सुधारणेचेच. त्या माफीत स्प्रोगोच्या स्त्रियाही येतात. बेट बंद झाल्यापासून ती त्यांच्यापर्यंत पोचायला ६२ वर्षे लागली.